सातवा गडी

"बाजीराव यंदा जत्रेत खेळणार नाही," पायातले बूट काढायच्या आधीच शेडबाळे सरांनी सांगून टाकलं.

हिंगणवाडीत खराड्यांच्या अंगणात आम्ही नुकतेच स्कूटरवरून उतरलो होतो. पुढे सर, मध्ये बाजीराव, मागे मी. विद्यार्थ्यांना शिस्तीवर तासभर सुनावणारा हा माणूस एकाच स्कूटरवर आम्हा दोघांना मागे बसवून आला होता, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते ओळखायचं. सर आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक. नमस्कार-चमत्कार, पाऊसपाणी, गुरंढोरं यांत त्यांनी कधी वेळ घालवला नाही. लोक त्यांना फटकळ म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं.

बाजीरावचा थोरला भाऊ आनंदादादा ओसरीवर म्हशीचा कासरा वळत बसला होता. त्याने हात थांबवला नाही.

"बसा तर खरं, सर. जाल्या, तूबी टेक. काय म्हनलासा?"

"तुमच्या सिद्धोबाच्या जत्रेत कबड्डीचे सामने आहेत ना? त्यात हा उतरणार नाही."

"असं कसं? जत्रा घरची, संघ घरचा, आन् डाव्या कोपऱ्याचा गडीच घरात बसवायचा?"

"घरात नाही, कॉलेजवर. मी सराव शिबिर लावलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतीची चाचणी आहे. सरकारी नोकरी, खेळाडूंच्या कोट्यातली. त्यांना डावा कोपरा हवाय. ह्याच्यासारखी घोट्याची पकड साऱ्या जिल्ह्यात कुणाची नाही. ही जागा ह्याचीच आहे, पण गुडघे शाबूत राहिले तर."

"आमच्या मैदानावर कुणाचा गुडघा ग्येला न्हाई आजवर."

"मैदान कसलं, आनंदराव? परवापर्यंत त्यात शाळू होता. पाणी मारून रोलर फिरवला की झालं तुमचं मैदान. चाचणीला दहा-बारा दिवस उरलेले असताना ह्याचा पाय मुरगळला तर पुन्हा अशी जागा कधी निघेल? माझं सरळ आहे. जत्रेत उतरला तर कॉलेजच्या संघातून नाव गेलं."

बाजीराव खाली बघून अंगठ्याने माती उकरत होता. "सर, एकच दिवस..." तो पुटपुटला.

"तू गप बस."

मला मनातून सर पटत होते आणि पटतही नव्हते. मीही शेजारच्या वाडीचाच. कॉलेजच्या संघात बाजीराव डाव्या कोपऱ्यावर आणि मी त्याच्या शेजारी, हातात हात गुंफून साखळी धरून, असे आम्ही तीन वर्षं उभे राहिलो होतो. पण वाडीतल्या माणसाला जत्रेचा सामना म्हणजे काय असतं ते सरांना कुणी सांगायचं? मुंबईला गेलेले लोक त्यासाठी रजा काढून येतात. माहेरवाशिणी नवऱ्याशी भांडून येतात. आणि हिंगणवाडीचा संघ म्हणजे मोजून सात जण. सामने साठ किलो वजनी गटाचे. मोठ्या गावांच्या आडदांड गड्यांपुढे छोट्या वाड्यांचा निभाव लागत नाही, म्हणून वजनाची अट. शिवाय खेळाडू गावचाच पाहिजे, ही दुसरी अट. बाजीराव नाही म्हटलं की सहा उरले. बाकी सगळे एक तर शाळकरी, नाहीतर काट्यावर जड. सहा जणांनीही उतरता येतं म्हणा, पण आपल्याच देवाच्या दारात आपलाच संघ तोकडा उभा करायचा, ही गोष्ट वाडीतल्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही.

तेच दादा बोलायला लागला होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"सर म्हनत्यात त्ये खरं हाय."

शालनवहिनी. दादाची बायको. दाराच्या चौकटीआड निम्म्या उभ्या होत्या. बाजीरावची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून त्याला वहिनींनीच वाढवलं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं.

"भावजी न्हाई खेळायचं," त्या म्हणाल्या.

दादा हसला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्यातलं न्हाई कळत. तुमची कंबर धरती तवा रातभर तेल कोन चोळतंय, त्ये कळतंय. पोलिसात लागायच्या वक्ताला ह्याच जत्रेत खांदा मोडून घेतलासा. साहेबानं हात वर करा म्हनलं, हात वर ग्येला न्हाई. ह्या घरातलं एक मानूस खेळापायी म्हशी राखायला लागलं. तेवढं बास झालं."

वळलेला कासरा दादाच्या हातात सुटत गेला.  दादा बारा-तेरा वर्षं गावासाठी खेळलेला, तोही डाव्या कोपऱ्यावरच. बाजीरावला घोट्याची पकड त्यानेच शिकवली होती, म्हशीच्या रेडकाचे पाय धरायला लावून. त्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. मला वाटलं होतं निदान शिवी तरी हासडेल.

"जा बाजी," तो म्हणाला. "सरांच्याकडं जा. न्हाई खेळायचं तू. माझी शपथ हाय."

"मग संघाचं काय, दादा?"

"संघाचं मी बगतो."

सरांचा जीव भांड्यात पडला. परतीच्या वाटेवर ते पहिल्यांदाच मोकळेपणी बोलले. "बाई शहाणी आहे," असं त्यांनी दोनदा म्हटलं.

सुट्टीमुळे वसतिगृह रिकामं पडलं होतं. शिबिराला आम्ही सहा-सात जण. सर सकाळी उन्हं वर यायच्या आत आमचा घाम काढायचे आणि दुपारी मुकाट झोपायला लावायचे. बाजीरावला झोप लागायची नाही. एकदा दादा भाकरी आणि खर्डा घेऊन आला. बाजीरावने आधी सातव्या गड्याचं विचारलं.

"घावला की," दादा म्हणाला. "चांगला जुना गडी हाय."

"कोण?"

"बगशील नंतर. तू तुझं बग."

"तू वाळलास रं दादा."

"उन्हाळा हाय, बाबा. म्हस वाळती, मानूस वाळतंय."

आम्ही हसलो. त्याच्या भाकरीतला एक तुकडाही त्याने आमच्याबरोबर खाल्ला नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जत्रेच्या दिवशी बाजीराव पहाटेच उठून माझ्या उशाशी बसला. "जाल्या, तू जा. सरांना मी इचारलंय. तुला परवानगी हाय. सामना बग आन् निकाल घिऊन ये. आन् सातवा कोन उभा केलाय त्येवढं बग. त्येला सांग, साखळी सोडून एकटा पुढं जाऊ नगं म्हनावं."

मी पोचलो तेव्हा देवळामागच्या पटांगणात वजनं चालली होती. धान्याची पोती तोलायचा काटा सोसायटीतून आणून ताडपत्रीवर ठेवला होता. वजन झालं की खेळाडूच्या मनगटावर शाईचा शिक्का मारत होते. आणि देवळाला कुणीतरी पळत फेऱ्या घालत होतं. वैशाखातलं ऊन, आणि अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर. तिसऱ्या फेरीला तो माझ्याजवळून गेला आणि मी ओळखलं.

"दादा? तुम्ही?"

दादा थांबला. ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. तरी हसला.

"सातवा गडी मीच."

आता शहरातल्या लोकांना हे सांगितलं तर ते वेड्यात काढतील, पण वजनी गटात खेळणारा प्रत्येक जण आमच्याकडे हे करतो. त्याला आम्ही वाळणं म्हणतो. चार दिवस आधी जेवण तोडायचं, दोन दिवस आधी पाणी तोडायचं. स्वेटर घालून पळायचं. तोंडात चिंच धरून थुंकत राहायचं, तेवढंच वजन कमी. मी केलं होतं, बाजीरावने केलं होतं, आणि त्याची आम्हाला फुशारकी वाटायची. पण आम्ही विशीतले होतो. आम्हाला जेमतेम एक-दीड किलो वाळायचं असायचं. दादा चाळिशीला टेकलेला आणि त्याला चार किलो उतरवायचे होते.

"वहिनींना माहितीय?" मी विचारलं.

"खुळा काय? बाजीच्या नोकरीसाठी नवस बोललोय, जत्रंपतुर कडक उपास हाय म्हनून सांगितलंय तिला. आज दुपार कलल्यावर निवद घिऊन देवळात येनार हाय ती. मैदानाकडं काय बायका फिरकत न्हाईत." त्याने माझा दंड धरला. हात तव्यासारखा तापला होता. "आन् बाजीला कळू द्यायचं न्हाई. कळलं तर शिबिर सोडून पळत यील त्यो."

काट्यावर त्याचा नंबर आला तेव्हा त्याने चड्डीशिवाय सगळं उतरवलं. वाडीतली माणसं भोवती जमली होती. काटा साठाच्या पुढे हलला, मागे आला, आणि साठावर थांबला. लोकांनी आरोळी ठोकली, गुलाल उधळला, दादाला खांद्यावर घेतलं. मनगटावर शिक्का बसला.

मी धावत जाऊन लिंबूपाण्याचा तांब्या आणला. दादाने तो तोंडाला लावला, चूळ भरली आणि थुंकून टाकली.

"प्या की आता, वजन झालं!"

"हरकत घेतली म्हंजे?"

तोही नियम होताच. समोरच्या संघाला संशय आला तर शेवटचा सामना संपेपर्यंत पुन्हा वजन मागता येतं. एरवी अशी हरकत कुणी घेत नाही. पण चाळिशीचा माणूस साठ किलोच्या गटात उभा दिसल्यावर कुणीही घेतली असती, हे दादाला ठाऊक होतं.

"येक तांब्या म्हंजे येक किलो," तो म्हणाला. "सामनं झाल्यावर पितो पोटभर. ठेव सावलीला."

मी तांब्यावर फडकं टाकून तो लिंबाखाली ठेवला.

दुपारचा सामना वाडीने मारला. दादाच्या वाट्याला फार काही आलं नाही. तो कोपऱ्यावर उभा होता, साखळी धरून होता, आणि लोक त्याच्या नावाने ओरडत होते. एवढं मी पाहिलं की त्याला घाम येत नव्हता. बाकीचे सहा जण न्हाल्यासारखे भिजले होते आणि दादाचं अंग कोरडं ठणठणीत. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. उलट वाटलं, जुना गडी आहे, दमलेलासुद्धा नाही.

चार वाजता दुसरा सामना लागला. समोरचा चढाईपटू उंच, चपळ. त्याने आमचे चार गडी बाद केले होते. शेवटची काही मिनिटं उरली होती. तो पुन्हा आला, डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला, आणि दादा वाकला. बाजीरावची पकड मी शेकडो वेळा पाहिलीय, ती कुठून आली होती ते त्या दिवशी पाहिलं. दोन्ही हातांनी घोटा धरून दादाने त्याला जमिनीवर आणलं. धूळ उडाली. शिट्टी झाली. सगळी वाडी मैदानात घुसायच्या बेतात होती.

चढाईपटू उठायला लागला, पण त्याचा पाय सुटेना. तो हसून म्हणाला, "सोडा की दादा, झाला गुण तुमचा." मग त्याचं हसू गेलं. त्याने स्वतःच वाकून आपल्या घोट्यावरची दादाची बोटं एकेक करून सोडवली.

आम्ही दादाला उचलून लिंबाखाली आणलं. तोंडाला तांब्या लावला. दोन घोट आत गेले, बाकीचं पाणी गालांवरून ओघळलं. त्याला एका जीपमध्ये घातलं, पण जत्रेच्या गर्दीतून ती बाहेर काढायला वेळ लागला. तालुक्याला निघालो होतो, पण डांबरी रस्ता लागायच्या आतच दादाचा श्वास थांबला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सामना कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही. वहिनी त्या वेळी निवद घेऊन देवळात रांगेत उभ्या होत्या.

वसतिगृहाच्या फाटकात बाजीराव माझी वाट बघत उभा होता. मला लांबून पाहून त्याने दोन्ही हात वर केले आणि ओरडून विचारलं, "जिंकलो का?"

त्यापुढचं मला लिहवत नाही.

अग्नी बाजीरावनेच दिला. सर आले होते. गर्दीच्या मागे, बाभळीखाली उभे होते. पुढे यायचा धीर त्यांना झाला नाही, आणि कुणी त्यांना पुढे बोलावलंही नाही.

भरतीची चाचणी आली तेव्हा अजून तेरावा व्हायचा होता. बाजीराव जाणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण आदल्या दिवशी वहिनींनी त्याचे कपडे पिशवीत भरून पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली.

"जावा भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही न्हाई ग्येलासा तर त्ये कशापायी ग्येले?"

तो गेला. मुंडण केलेल्या डोक्याने डाव्या कोपऱ्यावर उभा राहिला. पहिली चढाई आली, समोरच्याने अगदी त्याच्या हातात दिल्यासारखा पाय टाकला, आणि बाजीराव नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. बाहेरून सर घसा फोडून ओरडत होते, "बाजी, धर! अरे धर की!" निवड करणाऱ्यांपैकी एकाने कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर तो सरांना एवढंच म्हणाला, "घोटा दिसतोय सर. पर धराया वाकलो की तितं दादाचा हात असतोय."

सर भर रस्त्यात, लोकांच्या देखत रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाजीरावने कॉलेज सोडलं. म्हशी बघायला लागला, डेअरीला दूध घालायला लागला. मैदानाकडे फिरकला नाही. सर मात्र दर महिन्याला हिंगणवाडीला जायचे. काहीतरी निमित्त काढून जायचे, ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, फारसं न बोलता परत यायचे. कधी कधी मी बरोबर असायचो. पुढच्या वर्षी जत्रेच्या आधी आम्ही असेच बसलो असताना मंडळाची पोरं आली. किसन त्यांचा पुढारी.

"वैनी, पोरांनी ठरवलंय," किसन म्हणाला. "यंदा आनंदादादांच्या स्मरणार्थ चषक ठेवायचा. साठ किलो गट. आन्... बाजीराव उतरला तर संघ पुरा हुतोय. न्हाईतर सहाच हाईत."

बाजीराव गोठ्याच्या दारात उभा होता. "मी न्हाई," तो म्हणाला.

"नको त्याला," सरही म्हणाले. "सोडा त्याला आता."

वहिनी बाहेर आल्या. या वेळी चौकटीआड नाही, सरळ ओसरीवर, सगळ्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"चषक ठेवा. नाव त्येंचं घाला," त्या म्हणाल्या. "पर काटा आनायचा न्हाई."

"असं कसं वैनी? वजनाची अट काढली तर दांडगी गावं येतील. पयल्याच फेरीत हरू आपन."

"हरा."

किसनने मागे वळून पोरांकडे पाहिलं.

"आन् भावजी खेळतील," वहिनी म्हणाल्या.

सरांनी मान वर केली. "शालनताई, अहो तुम्हीच तर गेल्या वर्षी..."

"व्हय. मीच म्हनले हुते." त्या सरांकडे वळल्या. "भावजींना नगं म्हनले तवा वाटलं, घर राखलं. पर मैदानावरची जागा तर तशीच ऱ्हायली हुती की, सर. ती तुमाला दिसली न्हाई, मलाबी दिसली न्हाई. रिकाम्या जागंत कुनीतरी जानारच हुतं. आता यंदा भावजी न्हाई उतरले तर त्या दांडग्यांपुढं कोन उतरंल? ह्या किसनाचा थोरला भाऊ? उद्या त्येच्या बायकूपुढं मी कुटल्या तोंडानं जाऊ?"

सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्याजवळ कुठलाच नियम शिल्लक राहिला नव्हता.

सामना व्हायचा तसाच झाला. समोर मोठ्या गावचे आडदांड गडी, एकेकाची मांडी आमच्या कमरेएवढी. मध्यंतरापर्यंत आमचा अख्खा संघ दोनदा बाद झाला होता. बाजीराव डाव्या कोपऱ्यावर उभा होता. त्याने एक पकड केली, दोन सुटल्या. लोक ओरडत नव्हते. 

मध्यंतराची शिट्टी झाली आणि गर्दी बाजूला सरली. वहिनी आल्या. कमरेवर घागर, हातात पितळी तांब्या. विधवा बाई भर जत्रेत कबड्डीच्या मैदानात रेषा ओलांडून आली, हे हिंगणवाडीने कधी पाहिलं नव्हतं. पण कुणी त्यांना अडवलं नाही. त्या एकेकासमोर उभ्या राहिल्या, तांब्या भरून दिला, आणि तो रिकामा होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. आमचे झाले, मग समोरच्या गावचे. ते धिप्पाड गडीही खाली माना घालून पाणी प्यायले. सर्वांत शेवटी त्या बाजीरावसमोर आल्या. त्याने तांब्या संपवला. त्यांनी पुन्हा भरला.

"बास, वहिनी," तो म्हणाला.

"प्या."

तो प्यायला. रडत रडत, ठसका लागत प्यायला. मध्यंतराची वेळ कधीच टळून गेली होती. पंचाने शिट्टी तोंडाशी धरली होती, पण वहिनी घागर घेऊन रेषेच्या बाहेर जाईपर्यंत त्याने ती वाजवली नाही.